बसल्या जागेवरून दिसणारं अंगण

आज ज्या जागेबद्दल बोलायचंय ती अगदी लहान आहे. मागच्या दाराबाहेरचा फरसबंद तुकडा, दोन भिंतींमधला चौक किंवा गच्चीचा एखादा कोपरा. ३ मीटर रुंद, ४ मीटर लांब, एवढीच जागा डोळ्यांपुढे धरा. माझ्याकडे अंगण सजवून घ्यायला येणाऱ्या बहुतेकांकडे साधारण एवढीच असते, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्नही ठरलेला असतो: कुंड्या कुठल्या घ्यायच्या आणि खुर्च्या कुठल्या? मी त्यांच्याकडे घरातली एक साधी खुर्ची मागते, ती अंगणात नेऊन ठेवते आणि म्हणते, बसा.

बसलं की तीच जागा वेगळी दिसू लागते. उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून दीड मीटरच्या आसपास असतात. खुर्चीत बसलं की ते १२० सेंटिमीटरपर्यंत खाली येतात, आणि बुटक्या स्टुलावर बसलं तर आणखी खाली. उभ्यानं पाहताना जे रोप पायाशी घुटमळत होतं ते आता नजरेला नजर देतं. मीटरभर उंचीचा कठडा उभ्यानं जाणवतही नाही, पण बसलं की समोरचं अर्धं दृश्य त्याच्याआड जातं. अंगण वापरायचं असतं बसून, आणि आपण ते सजवतो उभ्यानं. त्यामुळे कुंड्या जमिनीवर ओळीनं लागतात, टांगत्या परड्या डोक्याच्या वर जातात आणि बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर उरते ती कोरी भिंत.

हे मला कोणी शिकवलं नाही, एका कामानं शिकवलं. सुरुवातीच्या काळात मी एका घराच्या मागच्या अंगणात दगडी बाक बांधून घेतला होता. समोर वेल, बाजूला उंच वाफा, सगळं मापात. काही महिन्यांनी संध्याकाळी सहज डोकावले, तर त्या घरच्या आजी उंबऱ्याशी एक स्टूल टाकून बसल्या होत्या आणि बाक रिकामा होता. मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तिथं बसलं की ऊन थेट डोळ्यांत येतं गं. मी इथंच बरी." बाकाचं तोंड पश्चिमेला होतं. त्या घरात संध्याकाळी निवांत बसणाऱ्या त्या एकट्याच होत्या, आणि त्या कधी बसतात हे मी विचारलंच नव्हतं. दगडी बाक काही हलवता येत नाही. पुढे त्याच्यासमोर मांडव घालून वेल चढवला, पण सावली धरायला दोन वर्षं गेली. ती दोन वर्षं मला अजून सलतात.

तेव्हापासून माझं पहिलं काम म्हणजे आठ दिवस खुर्ची फिरवणं. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी जिथं बसायला बरं वाटतं तिथं खडूनं खूण करायची. ऊन कुठून येतं, वारा कुठून येतो, शेजारची खिडकी कुठल्या जागेवरून अंगावर येते, हे सगळं त्या खुणांमध्ये आपोआप उतरतं. ऋतूचाही विचार ठेवा. हिवाळ्यात सूर्य खालून जातो आणि सावल्या लांबतात, त्यामुळे आज उन्हात असलेला कोपरा सहा महिन्यांनी पूर्ण सावलीत असू शकतो. म्हणून बांधीव काही करायची घाई करू नका. खुर्ची हलते, बाक हलत नाही.

आता जागा मोठी कशी वाटेल, हा प्रश्न. आपल्या ३ बाय ४ मीटरच्या अंगणात सगळ्यात लांब रेघ कुठली? शाळेतलं पायथागोरसचं प्रमेय आठवा: कर्ण ५ मीटर. लांबीपेक्षा पुरता एक मीटर जास्त, आणि तो फुकट मिळालेला आहे. म्हणून बसायची जागा एका कोपऱ्यात घ्या आणि नजर समोरच्या तिरक्या कोपऱ्यात जाऊन टेकू द्या. तिथं काहीतरी एक ठेवा. एकच. मोठ्या पानांचं झाड, पाण्याचं भांडं, एखादा सुरेख दगड. दोन गोष्टी ठेवल्या की नजर त्यांच्यात येरझारा घालते आणि जागा आहे तेवढीच वाटते.

पानांचाही उपयोग करून घेता येतो. रुंद, ठसठशीत पानांची झाडं खुर्चीजवळ आणि बारीक, नाजूक पानांची पलीकडे लावली की पलीकडची भिंत मागे सरकल्यासारखी वाटते, कारण लांबच्या गोष्टींचा बारकावा असाच विरत जातो. रंगांचंही तसंच आहे. लाल, नारिंगी पुढे येतात, निळे-जांभळे मागे जातात. टोकाच्या भिंतीवर लाल फुलांचा वेल चढवलात तर भिंत दोन पावलं जवळ आलीच म्हणून समजा. भिंत पांढरी करायचा मोह सगळ्यांना होतो. अंधाऱ्या चौकात पांढरा रंग उत्तम, पण कडक उन्हात त्याच भिंतीकडे बघवत नाही. तिथं गडद हिरवा किंवा राखाडी द्या. वेलाची पानं त्याच्यावर खुलतात आणि भिंत स्वतः नाहीशी होते. भिंतीवर आरसा लावून जागा दुप्पट करायचा सल्ला बरेचजण देतात. मी तो देत नाही. आरशात झाडं दिसली की पक्षी सरळ त्यात घुसायला बघतात आणि आपटून मरतात.

लहान जागेचा सगळ्यात सखोल विचार मला जपानी 'त्सुबो-निवा'मध्ये, म्हणजे घराच्या आतल्या इवल्या बागेत दिसतो. त्सुबो हे क्षेत्रफळाचं जुनं माप, साधारण ३.३ चौरस मीटर, म्हणजे दोन तातामी चटयांएवढी जागा. क्योतोमधली जुनी व्यापारी घरं रस्त्याकडून अरुंद आणि आत खोलवर गेलेली. मधल्या खोल्यांना उजेड आणि वारा मिळावा म्हणून आत असे इवलेसे चौक सोडलेले असत. एक दगडी दिवा, हात धुवायचं दगडी पात्र, थोडे नेचे, शेवाळ, बस्स. पण हा चौक खोलीत जमिनीवर बसलेल्या माणसासाठी मांडलेला असतो. त्यात कोणी फिरावं अशी अपेक्षाच नसते, त्यामुळे सगळी उंची, सगळे कोन त्या एका बैठकीला धरून ठरतात. आपल्या अंगणात आपण फिरतोही, म्हणून ते जसंच्या तसं उचलता येणार नाही. पण तीन चौरस मीटरमध्ये माणसाची नजर तासभर रमू शकते, हा दिलासा त्यातून मिळतो. जपानी बागांमध्ये 'शाक्केई' नावाची आणखी एक रीत आहे: लांबचा डोंगर किंवा झाड आपल्या बागेच्या दृश्यात उसनं घ्यायचं. तुमच्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं डेरेदार झाड असेल तर त्याच्यासमोर उंच कुंड्या लावून ते झाकू नका. ते झाड तुमचंच आहे.

खुर्च्या-टेबलांकडे येते. इथं बहुतेक चुका मापाच्या होतात. दुकानाच्या भल्यामोठ्या दालनात टेबल लहान दिसतं, आणि घरी आलं की दार उघडेना. माझा उपाय साधा आहे: वर्तमानपत्रं चिकटवून टेबल-खुर्च्यांच्या मापाचे कागद कापा, फरशीवर मांडा, आणि हातात कपांचा ट्रे घेऊन त्यांच्यामधून चाला. कागदावर पाय पडला तर तिथं खरं टेबल आल्यावर गुडघा आपटणार. माणसाला सरळ जायला ६० सेंटिमीटर लागतात, ऐसपैस जायला ९०. खुर्ची मागे सरकवून उठायला टेबलाच्या कडेपासून कमीत कमी ७५ सेंटिमीटर हवेत. म्हणजे ७५ रुंदीच्या टेबलाला दोन्हीकडे खुर्च्या लावल्या की सव्वादोन मीटर गेले. आपल्याकडे होते तीन. एका बाजूला खुर्चीऐवजी भिंतीला टेकलेला बाक घेतलात तर तो ४५ सेंटिमीटरमध्ये भागतो, आणि वाचलेल्या ३० सेंटिमीटरमध्ये कुंड्यांची एक अख्खी रांग बसते. बाकाची उंचीही ४५च ठेवा, आणि बैठक उचलता येईल अशी करून घ्या. खुरपं, झारी, मातीची पोती सगळं आत जातं.

जागा कमी असेल तर बारीक पायांचं, खालून फरशी दिसेल असं सामान घ्या. फरशी जितकी सलग दिसते तितकी जागा मोकळी वाटते. फरश्या मोठ्या आणि सांधे कमी ठेवण्याचं कारणही हेच. मात्र गुळगुळीत पॉलिशची फरशी उघड्यावर कधीही घालू नका. ओली झाली की ती माणूस पाडते. आणि उतार. दर मीटरला एक ते दीड सेंटिमीटर उतार, घरापासून दूर, पाणी जायच्या जाळीकडे. सजावटीच्या गप्पांमध्ये उताराचं नाव कोणी घेत नाही, पण पाणी साचणाऱ्या अंगणात कुठलीच सजावट टिकत नाही.

मघाशी एका ताईंनी विचारलं की लोखंडी खुर्च्या घ्याव्यात की नाही. घ्या, पण घेण्याआधी खुर्ची उलटी करून पाहा. पाय पोकळ नळीचे असतात आणि टोकाला रबरी टोपी असते. पावसाचं पाणी वरच्या एखाद्या सांध्यातून नळीत उतरतं आणि त्या टोपीत साचून राहतं. वरून रंग शाबूत दिसतो, आतून नळी गंजत असते, आणि एक दिवस बसल्या बसल्या पाय दुमडतो. टोपीला बारीक भोक असेल तर ती खुर्ची विचार करून बनवलेली आहे. नसेल तर तापवलेल्या सुईनं पाडून घ्या. वेल्डिंगचे सांधेही बघा, कारण रंग पहिला तिथंच सुटतो. अॅल्युमिनियम असं गंजत नाही, त्याच्यावर आपोआप धरणारा पातळ थरच त्याला जपतो, पण ते हलकं असतं आणि जोराच्या वाऱ्यात कलंडतं. समुद्राजवळ राहत असाल तर साध्या स्टेनलेस स्टीलवरही तांबूस डाग पडतात. तिथं ३१६ क्रमांकाचं मागा, त्यात मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो आणि खाऱ्या हवेला ते जास्त टिकतं. सागवानात स्वतःचं तेल असतं, त्यामुळे ते उघड्यावर वर्षानुवर्षं राहतं. उन्हानं ते रुपेरी करडं होतं आणि लोक घाबरून त्याच्यावर वॉर्निश फासतात. तसं करू नका. तो रंग वरवरचा असतो, आत लाकूड धडधाकट असतं. वॉर्निशची मात्र उन्हात सालपटं निघतात आणि मग दरवर्षी घासत बसावं लागतं.

कुंड्यांबद्दल माझं मत ठाम आहे: थोड्या आणि मोठ्या. वीस लहान कुंड्यांनी अंगण भरतं, पण ते पसाऱ्यासारखं दिसतं, आणि उन्हाळ्यात त्या सगळ्या दिवसातून दोनदा सुकतात. कुंडीची रुंदी आणि उंची दुप्पट केली की माती आठपट मावते. २० सेंटिमीटरच्या कुंडीत सहाएक लिटर, ४० सेंटिमीटरच्या कुंडीत पन्नासेक. एवढ्या मातीत ओल टिकते आणि मुळं उन्हात भाजत नाहीत. पण पन्नास लिटर ओली माती म्हणजे सत्तर-ऐंशी किलो वजन. गच्चीवर किंवा गॅलरीत अशा कुंड्या ठेवायच्या असतील तर आधी स्लॅब किती वजन पेलेल हे इंजिनिअरला विचारा, आणि कुंड्या मधोमध न ठेवता तुळईच्या किंवा भिंतीच्या जवळ ठेवा.

कुंडीच्या तळाशी खडी घालायची सवय मात्र सोडा. पाण्याचा निचरा चांगला व्हावा म्हणून लोक ती घालतात आणि होतं उलटं. बारीक मातीत धरलेलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांमध्ये सहज उतरत नाही. माती गच्च भिजेपर्यंत ते खडीच्या वरच अडून राहतं. म्हणजे जो चिखलाचा थर तळाशी राहिला असता तो तुम्ही मुळांच्या आणखी जवळ उचलून आणलात. भोकावर जाळीचा तुकडा किंवा खापरी ठेवा, वर थेट माती भरा, आणि कुंडी विटेच्या तुकड्यांवर दोन बोटं उचलून ठेवा. खालून वारा फिरला की भोक तुंबत नाही आणि फरशीवर काळं वर्तुळही उमटत नाही. पाण्याचं भांडं ठेवत असाल तर डासांसाठी एवढंच, की दर चार दिवसांनी ते ओतून, घासून, पुन्हा भरा.

शेवटी दिव्यांबद्दल, कारण बहुतेकांना अंगणात बसायला वेळ मिळतो तो रात्रीच. भिंतीवर उंच लावलेला एक प्रखर दिवा अंगणाचं रेल्वे फलाट करून टाकतो. त्याऐवजी तीन-चार मंद दिवे, गुडघ्याच्या खाली, झाडांच्या आड, बल्ब डोळ्यांना न दिसेल असे लावा. रंग पिवळसर, २७०० केल्विनच्या (उजेडाची छटा सांगणारा हा आकडा बल्बच्या खोक्यावर असतो) आसपासचा घ्या. त्याच्याकडे किडेही कमी येतात. पावसात भिजणार असेल तर दिव्यावर आयपी ६५ लिहिलेलं हवं. त्यातला ६ धुळीसाठी असतो, ५ पाण्याच्या फवाऱ्यासाठी.

पण वायर ओढण्याआधी एक रात्र टॉर्चवर काढा. तुम्ही त्या खुर्चीत बसा. घरातल्या कोणाला तरी टॉर्च घेऊन फिरायला सांगा: झाडाच्या बुंध्याशी, बाकाखाली, भिंतीला घासून वरच्या दिशेनं. कुठं पानांच्या सावल्या भिंतीवर उमटतात, कुठं उजेड थेट डोळ्यांत घुसतो, ते बसल्या जागेवरून सांगत जा, आणि जमेल तिथं पुन्हा खडूची खूण करा. सुरुवातीला फारसं काही दिसणार नाही. डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं लागतात, तेवढा वेळ टॉर्च बंदच ठेवा.