‘चौकशी सुरू आहे’ म्हणजे नेमकं काय?

(नागपुरात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, गेल्या पावसाळ्यात एक ऑटोचालक माझ्याकडे आले. कागद निळ्या पन्नीत गुंडाळलेले. पोलीस ठाण्यात बसलेल्या एका झापडीनं डाव्या कानाचा पडदा फाटला होता, म्हणून उजवा कान पुढे करून ऐकत होते. दवाखान्याची चिठ्ठी होती, तक्रार अर्जाची झेरॉक्स होती. अर्जावर पोच मात्र नव्हती. ना शिक्का, ना आवक क्रमांक. ‘‘किती दिवस झाले, भाऊ?’’ मी विचारलं. ‘‘सात महिने. दर महिन्याले जाऊन येतो साहेब, चौकशी सुरू हाय म्हणतेत.’’

सात महिने ऐकून माझ्या पोटात गोळा आला. महाराष्ट्र पोलीस अधिनियमात कलम 161 आहे. कर्तव्याच्या नावाखाली किंवा अधिकाराची मर्यादा ओलांडून केलेल्या कृत्याबद्दल पोलिसावर भरपाईचा दावा किंवा फौजदारी खटला भरायचा, तर तो सहा महिन्यांच्या आत. खटल्याला शासनाची पूर्वमंजुरी मिळाली तर दोन वर्षं. दाव्याआधी नोटीस द्यावी लागते. शासनालाही प्रतिवादी केलं तर ती दोन महिन्यांची. हातात उरतात जेमतेम चार महिने. झापड मारणं हे कर्तव्यच नव्हे, तेव्हा हे कलम लागूच होत नाही, असं आम्ही वकील भांडतो आणि भांडायलाच हवं. पण त्या एका मुद्द्यावर वर्षं जातात. रस्त्यापलीकडच्या मोबाईल दुकानाच्या कॅमेऱ्यातलं चित्रण तर पंधरा दिवसांतच पुसलं गेलं होतं. ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण शक्यतो 18 महिने, निदान वर्षभर जपा, असं सर्वोच्च न्यायालयानं 2020 साली बजावलं आहे. ते लेखी मागायचं असतं, हे या माणसाला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग सात महिने सुरू होतं ते काय? विभागीय चौकशी हे खातं आणि त्याचा कर्मचारी यांच्यातलं प्रकरण असतं. तक्रारदार तिथे फार तर साक्षीदार. आधी चूक नोंदवणारा कसुरी अहवाल, मग प्राथमिक चौकशी, दोषारोपपत्र, जबाब, आणि दोष सिद्ध झालाच तर सक्त ताकीद, वेतनवाढ रोखणं, पदावनती किंवा बडतर्फी. ‘निलंबित’ अशी बातमी वाचून आपण निःश्वास टाकतो, पण चौकशी चालू असतानाचं निलंबन ही शिक्षा नव्हेच. घटनेच्या 311व्या अनुच्छेदाप्रमाणे बाजू मांडू दिल्याशिवाय सहसा कुणाला बडतर्फ करता येत नाही, आणि ते मला मनापासून योग्य वाटतं. बारा-बारा तास बंदोबस्तात उभ्या राहणाऱ्या शिपायालाही न्याय हवाच. मात्र त्या चौकशीतून फाटलेल्या कानासाठी एक रुपयाही येत नाही. त्याची वाट वेगळी आहे, आणि एका वाटेवरचं काम संपेपर्यंत दुसऱ्या वाटेवरचं घड्याळ थांबत नाही.

भरपाईची वाट मोकळी व्हायला फार काळ लागला. पोलिसांनी जप्त केलेलं शंभर तोळ्यांहून जास्त सोनं ठाण्याच्या मालखान्यातून त्यांच्याच हवालदारानं पळवलं, आणि 1964 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, सरकार जबाबदार नाही. कस्तुरीलाल खटला तो. पुढे ओडिशातल्या नीलाबती बेहरा या आईनं न्यायालयाला पत्र लिहिलं. पोलिसांनी नेलेला तिचा 22 वर्षांचा मुलगा दुसऱ्या दिवशी रेल्वे रुळावर मृत सापडला होता. त्या पत्रालाच याचिका मानून 1993 साली दीड लाख रुपयांची भरपाई देववली गेली. त्या आईच्या पत्रामुळे आज आपण कोठडीतल्या छळाबद्दल थेट उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात केलेल्या रिट याचिकेत भरपाई मागू शकतो.

आपल्या विदर्भाला तर हे शिकवायची गरजच पडू नये. 1972 मध्ये देसाईगंजच्या ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचं प्रकरण घडलं. सत्र न्यायालयानं त्यांना सोडलं. इथल्या, नागपूर खंडपीठानं दोषी धरलं. 1978 साली सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. त्यावर देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि 1983 साली बलात्काराचा कायदा बदलला. खंडपीठाच्या इमारतीवरून जाताना मला ती मुलगी आठवते. तिचं म्हणणं खरं मानणारे न्यायमूर्ती याच गावात बसले होते, याचा मला अभिमान वाटतो.

पोलीस सुधारणांसाठीच्या प्रकाश सिंह खटल्यात 2006 साली सर्वोच्च न्यायालयानं दिलेल्या आदेशानंतर आपल्याकडे 2014 च्या दुरुस्तीनं पोलीस तक्रार प्राधिकरण कायद्यात आलं. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक, खंडणी अशा तक्रारी तिथे नेता येतात. प्राधिकरण स्वतः शिक्षा करत नाही. पण त्याच्या अहवालात दखलपात्र गुन्हा दिसला, तर तो अहवालच ठाण्यात फिर्याद म्हणून नोंदला जावा, अशी तरतूद आहे. म्हणून मी तिला किरकोळ समजत नाही.

त्या ऑटोचालकांची तक्रार आम्ही प्राधिकरणाकडे दिली, याचिकाही केली. दोन्ही प्रलंबित आहेत.

आता ही चिठ्ठी. मघाशी मागच्या रांगेतून एका मावशींनी पाठवली. लिहिलंय, ‘तक्रार केली तर पोराले दुसऱ्या केसमध्ये अडकवतील.’ मावशी, ही भीती खोटी नाही, मी ती खोटी म्हणणार नाही. ठाण्यात एकट्या जाऊ नका. पोलीस आयुक्तांच्या नावे अर्ज लिहा, सिव्हिल लाइन्सच्या मोठ्या पोस्टातून स्पीड पोस्टानं पाठवा, पावती आधारकार्डाइतकी जपा. वकिलाचे पैसे नसतील तरी चालेल; महिलांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. चिठ्ठीवर नाव घातलं नाहीत, बरं केलंत. सभा संपली की बाजूच्या खोलीत या. पोराला कोणत्या तारखेला नेलं होतं, तेवढं आठवून ठेवा.