स्ट्रीमिंग बॉक्सवरचे खेळ

श्रोतेहो, नमस्कार. चित्रपट आणि मालिका पाहण्यासाठी आपण टीव्हीला जो स्ट्रीमिंग बॉक्स जोडतो, तो मुळात एक छोटा संगणकच असतो. त्यावर जुन्या गेम कन्सोलचे इम्युलेटर, म्हणजे त्या यंत्रांची नक्कल करणारे प्रोग्राम, चालतात आणि स्वतः लिहिलेले खेळही चालवता येतात. मात्र चित्रपटाचा पुढचा भाग आधीच आणून साठवता येतो, त्यामुळे इंटरनेट मध्येच अडखळले तरी प्रेक्षकाला पत्ता लागत नाही. खेळाडू पुढच्या क्षणी कोणते बटण दाबणार, हे मात्र कोणालाच आधी साठवता येत नाही.

जुन्या खेळांना ताकद फारशी लागत नाही. 1983 साली जपानमध्ये आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉमचा प्रोसेसर सुमारे 1.79 मेगाहर्ट्‌झवर चालत असे. आजच्या साध्या बॉक्सलाही त्याची नक्कल जड जात नाही. अडचण आहे ती विलंबाची. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रे उमटत असतील, तर एका चित्राच्या वाट्याला जेमतेम 16.7 मिलिसेकंद येतात. ब्लूटूथ कंट्रोलर, इम्युलेटर आणि चित्र खुलवण्यासाठी टीव्ही करत असलेली प्रक्रिया, असा प्रत्येक जण थोडा थोडा वेळ खातो आणि खड्ड्याच्या काठावरून मारिओची उडी हुकते. म्हणून सर्वांत आधी टीव्हीची ही प्रक्रिया कमी करणारा गेम मोड सुरू करावा. नवा कंट्रोलर घेण्याचा विचार नंतर.

रेट्रोआर्क या इम्युलेटर चालवणाऱ्या ॲपमधली ‘रन-अहेड’ ही सोय यावरचा मोठा चतुर उपाय आहे. मूळ खेळच अनेकदा बटण दाबल्यानंतर एक-दोन चित्रे उशिरा हालचाल दाखवत असे. इम्युलेटर खेळाची स्थिती जतन करतो, आत्ता दाबलेले बटण धरून पुढची चित्रे गुपचूप तयार करतो, त्यांतले शेवटचे पडद्यावर दाखवतो आणि पुन्हा जतन केलेल्या स्थितीवर येतो. एका चित्रासाठी अनेक चित्रांचे काम करावे लागत असल्याने इथे मात्र बॉक्सची ताकद कामी येते. पडद्यावर नेम धरून खेळायच्या जुन्या प्रकाश-बंदुकीला एवढ्यानेही जीवदान मिळत नाही, कारण तिचा नेम पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर चित्र रेखाटले जाण्याच्या अचूक वेळेवर अवलंबून होता.

स्वतः खेळ लिहायचा असेल, तर अँड्रॉइड टीव्हीवर नेहमीची अँड्रॉइडची साधने चालतात. सेटिंगमधल्या ‘बिल्ड’ या ओळीवर सात वेळा दाबले, की डेव्हलपरसाठीचे पर्याय खुले होतात. रोकू या कंपनीच्या बॉक्सवर ब्राइटस्क्रिप्ट ही त्यांची स्वतःची भाषा वापरावी लागते, त्यामुळे तिथे साधे द्विमितीय खेळ जमतात, पण इम्युलेटरची हौस सहसा भागत नाही. ॲपलने 2024 मध्ये ॲप स्टोअरवर जुन्या कन्सोलच्या इम्युलेटरना परवानगी दिली. अर्थात इम्युलेटर कायदेशीर असला, तरी खेळांच्या रॉम फाइलींवर, म्हणजे मूळ खेळांच्या डिजिटल प्रतींवर, बहुधा कोणाचा तरी स्वामित्वहक्क असतोच.

खेळाची आखणी रिमोटवरची चार दिशांची बटणे आणि मधले ओके एवढ्यावरच करावी, कारण कंट्रोलर प्रत्येकाकडे असेलच असे नाही. गुणसंख्या पडद्याच्या अगदी कडेला लिहू नये. काही टीव्ही चित्राच्या कडा कापतात. आणि चाचणी बॉक्स टीव्हीला जोडूनच घ्यावी, कारण संगणकाच्या मॉनिटरवर बटण दाबताच लागणारी उडी टीव्हीवर तशीच लागेल, याची खात्री नसते.