पंगतीत कुणीतरी आपलं नाव घेतं

(दृश्य : लग्नाचं कार्यालय. भर पंगत.)

दुपारचा दीड वाजलाय. अक्षता पडल्यात, पहिली पंगत बसलीय. वाढपी "मठ्ठा, मठ्ठा" करत पुढे सरकतायत, स्पीकरवर सनई चालू आहे आणि दोन-तीनशे माणसं एकाच वेळी बोलतायत. शेजारच्या काकू त्यांच्या सोसायटीतल्या पाण्याच्या टँकरचं सांगतायत. आपण "हो ना" म्हणतोय. तेवढ्यात मागच्या रांगेतून, कुणाच्या तरी बोलण्यात, आपलं नाव येतं.

घास हातातच राहतो. काकूंचं पुढचं वाक्य कानावरून जातं.

इथेच थोडं थांबू. नाव येण्याच्या आधी मागची मंडळी काय बोलत होती, असं कुणी विचारलं तर आपल्याला सांगता येणार नाही. मग नाव तेवढं कसं ऐकू आलं?

(दृश्य : टेपरेकॉर्डरची फिरणारी चक्रं, हेडफोन.)

१९५३ साली कॉलिन चेरी यांनी यावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. ते लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे, पण हे काम त्यांनी अमेरिकेत एमआयटीमध्ये राहून केलं होतं. हेडफोनच्या एका बाजूला एक मजकूर, दुसऱ्या बाजूला वेगळाच. एका कानातलं जसं ऐकू येईल तसं लगेच मोठ्याने म्हणत जायचं. लोकांना ते जमलं. नंतर विचारलं, दुसऱ्या कानात काय होतं? एक वाक्य कुणाला सांगता येईना. मध्येच इंग्रजीचं जर्मन झालं, तेही लक्षात आलं नाही. पुरुषाच्या जागी बाईचा आवाज आला, तो मात्र जवळजवळ सगळ्यांना कळला. आवाज बदलल्याचं समजत होतं, शब्दांचा पत्ता नव्हता.

चेरींनी याला 'कॉकटेल पार्टी प्रॉब्लेम' म्हटलं. आपण पंगतीतच राहू.

१९५९ मध्ये मानसशास्त्रज्ञ नेव्हिल मोरे यांनी त्या दुर्लक्षित कानात ऐकणाऱ्याचं स्वतःचं नाव घातलं. ज्या कानात तेच ते साधे शब्द ३५ वेळा ऐकवूनही नंतर ओळखता येत नव्हते, त्याच कानातलं नाव काहींनी टिपलं. सगळ्यांनी नाही बरं का, साधारण तिघांतल्या एकाने. १९९५ मध्ये हा प्रयोग पुन्हा काटेकोरपणे झाला, तेव्हाही प्रमाण तेवढंच आलं. म्हणजे आपलं नाव कुठूनही ऐकू येतं हा आपला समज बराचसा यामुळे आहे, की जेव्हा ते ऐकू येत नाही, तेव्हा ते घेतलं गेल्याचं आपल्याला कळतच नाही.

आणि नाव टिपतं कोण? २००१ च्या एका अभ्यासात, ज्यांची चालू कामापुरतं डोक्यात धरून ठेवायची ताकद कमी होती, त्यांच्यातल्या ६५ टक्क्यांना नाव ऐकू आलं. ज्यांची ती ताकद जास्त, त्यांच्यातल्या फक्त २० टक्क्यांना. म्हणजे काकूंच्या टँकरमध्ये जो पुरता बुडू शकतो, त्याला मागचं सहसा ऐकू येत नाही.

मानसशास्त्रज्ञ ॲन ट्रीझमन यांनी १९६० च्या सुमारास याचा उलगडा मांडला. नको असलेलं बोलणं मेंदू बंद करत नाही, रेडिओ बारीक करावा तसं बारीक करतो. तेवढ्या बारीक आवाजातही जागे होणारे काही शब्द असतात. आपलं नाव त्यातलंच.

(दृश्य : हॉलच्या मधोमध बसलेली आत्या. तिच्या चेहऱ्यावर कॅमेरा स्थिर.)

ही आमची आत्या. घरी समोर बसून बोललं की हिला सगळं कळतं. लग्नात मात्र नुसती हसते, मान हलवते. मग घरातलेच म्हणतात, "तिला हवं तेवढं बरोबर ऐकू येतं." हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं, कारण मीही ते म्हटलेलं आहे.

आवाज कुठून आला हे मेंदू दोन्ही कानांतल्या फरकावरून ओळखतो. उजवीकडचा आवाज डाव्या कानात पोचायला जो उशीर होतो, तो सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. त्यावरून, आवाजाच्या पट्टीवरून आणि ओठांच्या हालचालीवरून मेंदू एका माणसाचं बोलणं गर्दीतून वेगळं काढतो. वयाबरोबर उंच पट्टीचे बारीक आवाज आधी जातात, स, फ, थ यांतला फरक पुसट होतो, आणि वेगळं काढायला हाताशी फारसं काही उरत नाही. कानातलं यंत्र काकूंचा आवाज वाढवतं, तशी सनईही वाढवतं. आत्या ढोंग करत नव्हती. सगळे लोक आपोआप करतात ती निवड तिला करता येत नव्हती.

(दृश्य : खुर्ची उचलून कोपऱ्यात नेली जाते.)

आत्याची खुर्ची आम्ही स्पीकरपासून लांब, भिंतीला पाठ लागेल अशी ठेवली. समोर तिच्या धाकट्या जाऊबाई, खिडकीचा उजेड त्यांच्या तोंडावर. जाऊबाई कुणाच्या तरी बारशाची गोष्ट सांगतायत.

आत्या हात वर करून त्यांना मध्येच थांबवते.

"नाही गं. बारसं मे महिन्यात होतं. आंबे होते जेवायला."