कॅच कॅन बसवण्याआधी तेलाचं झाकण उघडा

मंडळी, नागपुरात अलीकडे जो तो विचारतो, "भाऊ, गाडीला कॅच कॅन बसवू का?" म्हणजे इंजिनातल्या गॅससोबत येणारं तेल वाटेतच अडवून साठवणारा डबा. माझा उलटा प्रश्न असतो: इंजिन कोणतं, आणि किती थकलंय?

पिस्टनच्या रिंगा नव्याकोऱ्या असल्या तरी जळलेला थोडा गॅस पिस्टनच्या बाजूने खाली चेंबरमध्ये, म्हणजे क्रँक आणि तेल असतं तिथे, उतरतोच. गॅरेजमध्ये आपण त्याला बॅक कंप्रेशन म्हणतो. पूर्वी हा गॅस बाहेर काढणारी ब्रीदरची नळी सरळ रस्त्याकडे सोडलेली असायची, तेल टपटपायचं. १९६० च्या दशकात अमेरिकेत हा गॅस परत इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा शिरते त्या वाटेत, नेऊन जाळायची पद्धत रुळली, आणि आज आपल्याही गाड्यांत तेच आहे. त्याच्यासोबत तेलाचा फवारा जातो, आणि दुखणं तिथेच आहे.

इंजेक्टर मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलेंडरच्या आधीच्या हवेच्या नळ्यांत, पेट्रोल फवारत असेल, तर इनटेक व्हॉल्व्ह आपोआप धुतला जातो. अशा धडधाकट गाडीला कॅन नकोच. ते पैसे टायरला लावा. पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये जात असेल, तर मात्र व्हॉल्व्हच्या पाठीला ते लागतच नाही आणि तेल तिथे भाजून त्याचा कोळसा होतो. टर्बो डिझेलमध्ये ईजीआरची, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेची, काजळी याच तेलात कालवली जाते. एका गाडीचा मॅनिफोल्ड मी उघडला, तर आत जेमतेम अंगठा जाईल एवढं भोक उरलं होतं. दुपारभर स्क्रूड्रायव्हरने खरवडत बसलो. अशा इंजिनाला चांगला कॅन उपयोगी पडतो. काजळी तो थांबवत नाही, पण तिला चिकटायला तेल कमी मिळतं.

चांगला म्हणजे कसा? आत जाळी आणि आडपडदे हवेत. नुसता रिकामा डबा असेल, तर तेल एका नळीने येतं आणि दुसरीने निघून जातं. आणि नळी तेलाला टिकणारीच हवी. माझ्या स्वतःच्या गाडीला मी हाताशी होती ती साधी रबरी नळी जोडली. मे महिन्यात, बुटीबोरीच्या वाटेवर, ती तेलाने फुगून मऊ पडली आणि वळणावर चिमटली. गॅसला वाट उरली नाही, चेंबरमध्ये दाब वाढला आणि क्रँकचं गिअरबॉक्सकडचं ऑइल सील गळायला लागलं. दोनशे रुपये वाचवायला गेलो आणि गिअरबॉक्स उतरवावा लागला.

कॅनची दुसरी नळी परत इनटेकलाच जोडा. हवेत मोकळी सोडणं प्रदूषणाच्या नियमात बसत नाही, आणि तो विषारी धूर आपल्याच पोरांच्या नाकात जातो. गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरकडून लेखी उत्तर घ्या.

हिवाळ्यात सीताबर्डी ते धरमपेठ एवढंच चालणाऱ्या गाडीच्या कॅनमधून दुधाळ कॉफीसारखं पाणी निघतं. इंजिन पुरतं तापत नाही, म्हणून वाफ थंड होऊन साचते. घाबरू नका, पण ते पाणी कूलंटचं तर नाही ना, म्हणून कूलंटची पातळी पाहून घ्या. कॅन भरू देऊ नका. भरलेला कॅन एका दमात सगळं तेल इंजिनात ओततो.

आणि राजेहो, कॅनमध्ये दर महिन्याला आधीपेक्षा जास्त तेल येत असेल, तर दुखणं बहुधा रिंगांचं आहे. ते कॅनने बरं होत नाही. बाहेर एक डिझेल गाडी उभी आहे, इंजिन गरमच आहे. चला, ती चालू ठेवून तेलाचं झाकण काढू, तेल भरायच्या तोंडावर उलटं ठेवू आणि ते नुसतं थरथरतं की बॅक कंप्रेशन जास्त असल्याने उडून पडतं ते पाहू.