मायामी कनेक्शन : पन्नास डॉलरला विकला गेलेला सिनेमा

रात्रीची वेळ. मायामीत कोकेनचा सौदा चाललाय. माल मोजून होतोय न होतोय, तोच काळ्या कपड्यांतले निंजे तलवारी उपसून तुटून पडतात. दोन्ही टोळ्या आडव्या. माल आणि पैसा, दोन्ही निंजांच्या खिशात.

सिनेमाचं नाव 'मायामी कनेक्शन'. साल १९८७. नावात मायामी असली तरी पुढची जवळजवळ सगळी हाणामारी ऑर्लँडोत होते, कारण सिनेमाचे कर्तेधर्ते राहायचे ऑर्लँडोत.

त्यांतले मुख्य, पडद्यावर गिटार घेऊन दिसणारे वाय. के. किम. कोरियातून अमेरिकेत आलेले तायक्वांदोचे ग्रँडमास्टर. ऑर्लँडोत त्यांचे वर्ग जोरात चालायचे. सिनेमाशी संबंध शून्य. पण कोरियन टीव्हीवरची त्यांची मुलाखत दिग्दर्शक पार्क वू-सांग यांनी पाहिली आणि सिनेमाची गळ घातली. किमही तयार झाले. त्या दशकात अमेरिकेत निंजांची चलती होतीच. कॅनन फिल्म्ससारख्या कंपन्या कमी पैशांत एकामागून एक निंजापट काढत होत्या. किम यांच्यामागे मात्र कुठलीच कंपनी नव्हती. होते ते पदरचे पैसे, मित्रांकडून घेतलेली उसनवारी आणि फुकटात मिळणारे शिष्य.

त्या शिष्यांनाच नट केलं. गोष्ट अशी : पाच मित्र, पाचही अनाथ, पाचही तायक्वांदोवाले, एकाच घरात राहतात, कॉलेजात शिकतात आणि 'ड्रॅगन साउंड' नावाचा रॉक बँड चालवतात. गाणी मैत्रीवर आणि, हो, निंजांच्या विरोधात. खरंच. निंजांना विरोध करणारं एक आख्खं गाणं आहे, आणि ते एकदा कानात बसलं की निघत नाही.

अभिनयाबद्दल काय बोलावं! किम यांचे इंग्रजी संवाद निम्मे कळतात, निम्मे सोडून द्यावे लागतात. बाकीचे नट आपलं वाक्य संपलं की पुढच्याच्या तोंडाकडे बघत उभे राहतात. आणि तरीही पाच मित्रांपैकी जिम नावाच्या एकाचा प्रसंग येतो. मॉरिस स्मिथ यांनी केलेला जिम. वडील कृष्णवर्णीय अमेरिकन, आई कोरियन. वडिलांचा पत्ता तो कधीचा शोधतोय. एक दिवस पत्र येतं. बाबा सापडले! जिम असा काही ओरडतो, की आधी हसू फुटतं आणि मग आपण हसलो याचं जरा वाईट वाटतं.

मारामारी सुरू झाली की मात्र हेच लोक बदलतात. इथे लाथ मारणाऱ्याने आयुष्यात खरोखर लाथा मारलेल्या आहेत. तोल, उडी, वळण, सगळं शिकलेल्या अंगाचं. सरावाच्या एका दृश्यात किम चक्क पायाच्या बोटांनी समोरच्याचं नाक चिमटीत धरतात. कथेला त्याचा काडीचा उपयोग नाही. पण मास्तरांना येतं, म्हणून ते दाखवतात. माझ्या मते हा सिनेमा बघण्याची खरी रीत हीच : एका तायक्वांदो शाळेचं वार्षिक संमेलन, ज्यात मधूनमधून कोकेन आणि निंजे येतात.

सिनेमा तयार झाला आणि कोणी हात लावेना. वितरकांनी एकापाठोपाठ एक नकार दिले. किम हटले नाहीत. चित्रपट कसा करतात याची पुस्तकं आणली, वाचली आणि काही भाग पुन्हा चित्रित केला. मूळ शेवटात जिम मरत होता. नव्या शेवटात तो वाचतो, वडिलांना भेटतो. त्याआधी जंगलात निंजांची जी कत्तल होते ती बघता, शेवटी पडद्यावर येणारं 'हिंसा संपवली तरच जगात शांतता येईल' अशा अर्थाचं वाक्य वाचून खुर्चीतून पडायला होतं. किम यांच्या लेखी मात्र ते गंमतीचं नव्हतंच.

१९८८ मध्ये ऑर्लँडो आणि आसपासच्या मोजक्या थिएटरांत सिनेमा लागला, समीक्षकांनी धुतला आणि उतरला. किम कर्जात बुडायच्या बेताला आले. ते पुन्हा वर्गांकडे वळले, आणि सिनेमा विसरला गेला.

२००९. टेक्सासमधलं ऑस्टिन. अलामो ड्राफ्टहाउस या थिएटरसाठी सिनेमे निवडणारे झॅक कार्लसन ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर या सिनेमाची ३५ मिलिमीटरची एक प्रिंट बघतात. नाव कधी ऐकलेलं नाही. ५० डॉलरची बोली लावतात आणि प्रिंट त्यांना मिळते. प्रेक्षकांना थोडा भाग दाखवून बघितला, तर थिएटर डोक्यावर घेतलं!

मग किम यांना फोन गेला. तुमचा सिनेमा पुन्हा प्रदर्शित करायचाय. किम यांना वाटलं, कोणीतरी टवाळी करतंय. त्यांनी फोन ठेवून दिला. समजूत पटायला वेळ लागला, पण २०१२ मध्ये अलामो ड्राफ्टहाउसच्याच ड्राफ्टहाउस फिल्म्स या वितरण कंपनीने 'मायामी कनेक्शन' पुन्हा थिएटरांत आणला, आणि या वेळी तो ऑर्लँडोच्या बाहेरही लागला.