हौदातला ट्राउट, नदीतला ट्राउट

(पडद्यावर दोन मासे शेजारी शेजारी. कॅमेरा डोक्याकडून शेपटीकडे सरकतो.)

दोन्ही ट्राउट, म्हणजे थंड पाण्यातले मासे, पण जाती वेगळ्या. डावीकडे रेनबो ट्राउट, वजन तीन किलोच्या घरात. उजवीकडे ब्राउन ट्राउट, जेमतेम वीतभर. मुंबईत हे दोन्ही टोपलीत ठेवले तर गिऱ्हाईक कुठल्याला हात घालेल, हे सांगायला नको. पण गळवाल्याची नजर आधी परांवर जाते. मोठ्या माशाच्या पाठीवरचा पर बघा. आखूड, कडा झिजलेल्या. सिमेंटच्या हौदात, शेकडो भावंडांच्या गर्दीत वाढलेल्या माशाचे पर भिंतींना घासतात आणि शेजाऱ्यांच्या चाव्यांनी कुरतडले जातात. आता छोटा बघा. पर पूर्ण, काठ रेखीव. अंगावर लाल ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं.

मोठा मासा वाढवला माणसाने, छोटा वाढला तो नदीत. त्यामुळे दोघांना पकडण्याची रीतच वेगळी.

(गोरेगाव. सोसायटीतल्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल.)

हे काका बँकेतून निवृत्त झालेत. टेबलाच्या कडेला छोटा शिकंजा बसवलाय, त्यात नखाएवढा गळ. गळाच्या दांडीवर मोरपिसाचा एकच तंतू गुंडाळत आणायचा, पुढे कोंबड्याच्या मानेच्या पिसाचे दोन वेढे द्यायचे आणि दोऱ्याची गाठ मारायची. झाली माशी, म्हणजे फ्लाय. तिला वजन असं नाहीच, त्यामुळे ती भिरकावता येत नाही. भिरकावायची असते ती जाड लाइन, म्हणजे गळाची दोरी. माशी तिच्या मागून जाते. काका याचा सराव गच्चीवर करतात, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून. खालून कुणीतरी ओरडतंच, "काका, पतंग कुठाय?"

मुंबईत ट्राउट नाही आणि होणारही नाही. त्याला साधारण दहा ते सोळा अंश सेल्सियसचं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. वीसच्या पुढे तो कासावीस होतो. इथला गळवाला पवई तलावावर बसतो. १८९१ साली तयार झालेल्या या तलावात रोहू, कटला सोडलेले आहेत, आणि इथे पिठाचे गोळे लावून तासन् तास वाट पाहण्याची जुनी परंपरा आहे. ट्राउट हवा तर मग चंदीगड, तिथून रात्रीची बस, आणि सकाळी कुल्लू जिल्ह्यातलं बंजार. शेजारून वाहते ती तीर्थन नदी.

(तीर्थन. गोल दगडांमधून धावणारं पाणी.)

आधी सोपा मासा. सोडलेला मोठा रेनबो खोल, संथ डोहात असतो, शक्यतो जिथे सोडला त्याच्याच आसपास, आणि एकटा नसतो. हौदात त्याचं अन्न रोज वरून पडायचं. पाण्यावर काही टपकलं की धावायचं, हे अंगवळणी पडलेलं. म्हणून माशी जरा जोरात आदळली तरी चालतं, उलट बरंच. परदेशात खाद्याच्या गोळीसारखी दिसणारी तपकिरी माशीसुद्धा बांधतात. शुद्धतावादी तिला नाकं मुरडतात आणि मासे तिला हमखास लागतात.

मासा लागल्यावर मात्र चेष्टा नाही. तीन किलोचा रेनबो पाण्याबाहेर उड्या मारतो, लाइन सरसर ओढून नेतो. धागा बारीक असेल आणि रीलचा, म्हणजे लाइन गुंडाळायच्या चक्राचा, दाब चुकला, तर गेला. मोठा मासा खेळवून दमवायचा कसा, हे इथेच शिकायला मिळतं. छोट्या माशांवर ते येत नाही.

या वजनामागे कारागिरी आहे. फलनानंतर लगेच अंड्यांवर दाब किंवा उष्णतेचा धक्का दिला, तर माशाच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच राहतात. असा मासा वांझ असतो. अंडी भरण्यात अंगातली ताकद घालवत नाही, नुसता वाढतो. शिवाय वांझ मासा नदीतल्या जातीत मिसळत नाही. इंग्लंडमध्ये नद्यांत सोडायचा ब्राउन ट्राउट वांझ किंवा स्थानिक माशांपासून वाढवलेला असावा, असा २०१५पासून आग्रह आहे, तो याच कारणाने.

आता वीतभर ब्राउन. तो दगडाच्या आडोशाला असतो, जिथे जोर कमी आणि हातभरावर प्रवाह किडे वाहून आणतोय. ती जागा त्याची. दुसरा आला की हाकलतो. पाण्यातून वर बघताना त्याला बाहेरचं सगळं जग एका गोल खिडकीतून दिसतं, आणि उभा माणूस त्या खिडकीत लगेच येतो. म्हणून काका गुडघ्यांवर, खालच्या अंगाने, माशाच्या पाठीमागून सरकतायत. त्यांच्या वयाला हे सोपं नाही. माशी पडली. आता ती पाण्याच्याच वेगाने वाहिली पाहिजे. लाइनने तिला बोटभर जरी ओढलं, तरी मासा हलत नाही. अशी ओढलेली माशी दोनदा त्याच्यावरून गेली की त्या दगडामागचा कारभार आटोपला. पुढचा दगड गाठायचा.

माझं मत विचाराल तर कौशल्याची परीक्षा हीच. मोठ्या रेनबोच्या फोटोला लाइक जास्त मिळतात, ती गोष्ट वेगळी.

(जुनी छायाचित्रं. नकाशा.)

पण नदीतला मासा म्हणजे मूळचा मासा, असं समजू नका. हिंदुस्थानात ट्राउट नव्हताच. १८९९ साली ब्राउन ट्राउटची अंडी बोटीने काश्मीरला निघाली आणि वाटेतच वाया गेली. पुढच्या वर्षीची खेप तगली. श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या फ्रँक मिचेल यांनी ती पिल्लं वाढवली. पुढच्या दहाएक वर्षांत ट्राउट कुल्लूत आणि निलगिरीतही पोहोचला. कुल्लूतल्या पतलीकुहलचं सरकारी मत्स्यकेंद्र नॉर्वेच्या मदतीने उभं राहिलं आणि रेनबोची शेती वाढली. आज काकांच्या माशीकडे पाठ फिरवणारा ब्राउन हा त्या सोडलेल्या माशांचाच वंशज. शंभरेक वर्षं पूर, बर्फ आणि पाणमांजर यांतून जे वाचले, त्यांची ही पिलावळ.

या पाण्याचा खरा रहिवासी वेगळाच: स्नो ट्राउट, नावापुरताच ट्राउट, उत्तराखंडात ज्याला असेला म्हणतात. ब्राउन ट्राउटने त्याचं अन्न आणि जागा दोन्हींत वाटा मारलाय.

मासे सोडले की नदी भरते, हा समज अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात मोडला. मॅडिसन नदीत हौदातले ट्राउट सोडणं थांबवल्यावर नदीतले ट्राउट वाढले, आणि १९७४मध्ये राज्याने वाहत्या नद्यांत मासे सोडणं बंदच केलं.

आपल्याकडचा धडा फार लांबचा नाही, लोणावळ्याचा आहे. टाटांच्या ज्या धरणांच्या पाण्यावर १९१५पासून मुंबईला वीज मिळतेय, तिथेच महाशीरची पैदास सुरू झाली. महाशीर म्हणजे आपला खडस. सी. व्ही. कुलकर्णी आणि ओगले या मत्स्यतज्ज्ञांनी हे काम नावारूपाला आणलं, आणि खडस वाचवण्यात त्याचा वाटा मोठा आहे. मात्र इथल्या निळ्या परांच्या खडसाची पिल्लं कावेरीतही सोडली गेली. कावेरीत पाठीवरच्या भल्या मोठ्या मदाराचा, म्हणजे उंचवट्याचा, नारिंगी परांचा स्वतःचा महाशीर होता. निळा वाढत गेला, मदारवाला दिसेनासा झाला. हे उघडकीला आलं ते गळवाल्यांनी वर्षानुवर्षं लिहून ठेवलेल्या पकडीच्या नोंदींमधून. २०१८मध्ये मदारवाल्याची शास्त्रीय ओळख पक्की झाली, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला.

(तीर्थनचा काठ. काका बूट काढतायत.)

हिमाचलात ट्राउटचा हंगाम मार्चमध्ये उघडतो आणि ऑक्टोबरअखेर बंद होतो. परवाना मत्स्य विभागाचा. पकडलेला मासा सोडून द्यायचा, हे मुंबईतल्या घरी पटवून सांगणं अवघड असतं. "एवढ्या लांब जाऊन रिकाम्या हाताने आलास?" असं काकांची आई, वय वर्षं नव्वदच्या पुढे, दर वेळी विचारते.

काकांचा हिशेब साधा आहे. मत्स्यशेतीतून निसटलेला रेनबो लागला, तर तव्यावर. ब्राउन लागला, तर फोटोही न काढता पाण्यात. असेला वाचावा म्हणून ब्राउन मारावा की नाही, यावर त्यांचं आणि बंजारच्या वाटाड्याचं अजून एकमत झालेलं नाही. वाटाड्या म्हणतो, मारावा. पण त्याच्या घरचं उत्पन्न ब्राउनवरच चालतं, हेही तो हसत कबूल करतो.