उभी गाडीच जास्त खाते

(पर्वरी येथे जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, मघाशी चहा घेताना एका तरुणाने मला मोबाइलवर जाहिरात दाखवली. वीस वर्षांची इटालियन स्पोर्ट्स कार, लाल रंग, एकच मालक, आणि ठळक अक्षरांत ‘फक्त १४,००० किलोमीटर’. किंमत आजच्या एखाद्या नव्या जर्मन सेडानएवढी. ‘काका, घेऊ का?’ त्याने विचारलं. आजचं माझं बोलणं हे त्यालाच दिलेलं उत्तर समजा. कारण तो आकडा पाहून मला काळजी वाटली.

वीस वर्षांत चौदा हजार म्हणजे वर्षाला सातशे. म्हणजे गाडी जवळजवळ सगळा काळ उभीच होती. कुठे उभी होती? समुद्र किती लांब होता? तिने गोव्याचे किती पावसाळे काढले? मी आधी हे विचारतो, मग इंजिनाकडे वळतो.

फेरारी ३५५ चं उदाहरण घेऊ. १९९४ ते १९९९ या काळात ही गाडी बनली. साडेतीन लिटरचं, आठ सिलिंडरचं इंजिन, प्रत्येक सिलिंडरला पाच म्हणजे एकूण चाळीस व्हॉल्व्ह. ते सगळे वेळेवर उघडायचे-मिटायचे ते रबरी टायमिंग बेल्टच्या भरवशावर. बेल्ट तुटला की उघडे राहिलेले व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनवर आदळतात आणि एका क्षणात इंजिन मोडीत निघतं. आणि हा बेल्ट बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं! बेल्टची स्वतःची किंमत मामुली असते. पैसे जातात ते मजुरीत. शिवाय इंजिन उतरवलंच आहे तर बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरची बेअरिंग, सील, कूलंटचे होज, सगळंच बदलून घेणं शहाणपणाचं. अमेरिकेत या एका कामाचं बिल आठ-दहा हजार डॉलरच्या घरात सहज जातं. पुढच्या ३६० मॉडेलात सीटमागचं झाकण काढून बेल्टपर्यंत पोचता येतं, आणि २००४ मध्ये आलेल्या एफ४३० ला बेल्टऐवजी साखळी आली, म्हणून ती डोकेदुखी गेली. पण तिथे एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांना, तडे जातात. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर टिक-टिक असा आवाज येतो आणि गरम झाल्यावर बंद होतो. विकणारा म्हणतो, ‘या गाडीचा आवाजच तसा आहे.’ त्याचं ऐकू नका. गाडी बघायला जाल तेव्हा आदल्या रात्रीपासून इंजिन थंड ठेवायला सांगा.

बेल्ट बदलायची मुदत वर्षांत मोजतात, तीन ते पाच वर्षं. गाडी सातशे किलोमीटर चालली काय नि सात हजार चालली काय, रबराचं वय वाढतच असतं.

दुसरी एक गोष्ट लोकांच्या पटकन लक्षात येत नाही. गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, पण तिच्या पार्टची किंमत उतरत नाही. ती गाडी नवी असताना ज्या पायरीवर होती, तिथेच पार्ट राहतात, बरेचदा वरच चढतात. कार्बन सिरॅमिक ब्रेक असलेल्या गाडीच्या चारही डिस्क बदलायच्या ठरवल्या तर आकडा पंधरा हजार डॉलरच्या वर जातो, वर आयातीचा कर वेगळा. ज्याने जुनी गाडी स्वस्त म्हणून घेतली, त्याच्यापुढे बिल येतं ते कोट्यवधीच्या गाडीचं.

आता आपल्या गोव्याकडे येतो. बार्देशातला माझा एक गिऱ्हाईक तारवटी आहे. आयुष्यभर जहाजावर राबून त्याने हौसेने दहा सिलिंडरची गाडी घेतली. मे महिन्यात ती चिऱ्यांच्या भिंतींच्या गॅरेजात लावली, वरून प्लास्टिकचं कव्हर घट्ट बांधलं आणि बोटीवर गेला. दिवाळीच्या आधी परतला आणि मला बोलावलं. कव्हर काढल्याबरोबर वास आला. स्टिअरिंगच्या चामड्यावर पांढरी-हिरवी बुरशी पसरली होती. एसीच्या बटणावर बोट ठेवलं तर काळा चिकट थर बोटालाच आला. त्या काळातल्या बऱ्याच इटालियन गाड्यांत बटणांवर मऊ लेप असायचा, उष्णतेत आणि दमटपणात तो असाच वितळतो. बॅटरी मेलेली. बॅटरी पुढच्या डिकीत, आणि डिकी उघडायची तर वीज हवी! ती उघडायलाच अर्धा दिवस गेला. एअर फिल्टरच्या डब्यावर नारळाच्या सोडणांचं उंदराचं घर, आणि त्याच्या शेजारी कुरतडलेलं वायरिंग. लोखंडी डिस्कवर ब्रेक पॅड गंजून चिकटले होते. नवं वायरिंग परदेशातून यायला सात आठवडे लागले. बिल अडीच लाखांच्या वर गेलं, आणि त्या सहा महिन्यांत गाडी एक किलोमीटरही चालली नव्हती. तो माणूस बराच वेळ गाडीच्या बाजूला नुसता उभा होता. ते मी विसरलेलो नाही.

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चिरा पाणी शोषतो आणि भिंत आतून महिनोन्‌महिने ओली राहते. गाडीचा सांगाडा ॲल्युमिनियमचा असला तरी निर्धास्त राहू नका. स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियमला टेकतो तिथे खारी हवा पोचली की ॲल्युमिनियम पांढरं पडून पोखरत जातं. ब्रेक ऑइलही हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ दर्जाचं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात पावणेचार टक्के पाणी मिसळलं की हीच हमी १५५ अंशांवर येते. ऑइल उकळलं की ब्रेक नीट लागत नाही, चोर्ल्याचा घाट उतरताना हा फरक पायाखाली कळतो. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदला, आणि त्यात काटकसर करू नका. पेट्रोलमधलं इथेनॉलही पाणी ओढणारंच. जुने इंधनाचे होज वीस टक्के इथेनॉलसाठी बनलेले नाहीत. बोट दाबून पाहा. होज चिवट लागण्याऐवजी फुगलेला, मऊ लागला तर त्याच दिवशी बदला. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकणं म्हणजे आग.

सरकारी खर्च त्या मानाने किरकोळ आहे. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. आयात केलेल्या चारचाकीला त्याचं शुल्क २०२२ पासून ४०,००० रुपये आहे, आणि गाडी वीस वर्षांच्या पुढे गेली तर २०२५ च्या नियमाप्रमाणे ८०,०००.

चालवण्याबद्दलही बोलतो. पॅडल गिअरच्या, म्हणजे स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर बदलायच्या, त्या काळच्या गाड्यांत आत साधाच क्लच असतो, फक्त तो पायाऐवजी हायड्रॉलिक पंपाने दाबला जातो. मांडवी पुलावरच्या गर्दीत इंच-इंच सरकत राहिलं की तो जळतो. क्लच किती उरलाय ते स्कॅनरवर दिसतं, विकत घेण्याआधी ते बघाच. आणि ऑइल बदलाल तेव्हा जुना फिल्टर कापून बघा. मी त्याच्या घड्या उलगडून उन्हात धरतो. चमचमणारी कणी दिसली की चुंबक लावतो. चिकटली तर लोखंड, म्हणजे आतला एखादा पोलादी भाग झिजतोय. नाही चिकटली तर ॲल्युमिनियम किंवा बेअरिंगच्या अस्तराचा धातू असण्याची शक्यता जास्त. जुन्या पोर्शे ९९६ वाल्यांनी तर ही सवय लावून घ्यावीच. तिच्या इंजिनातलं मधल्या शाफ्टचं बेअरिंग सुटलं तर इंजिन हातचं जातं. क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवाल तेव्हाच ते बेअरिंगही बदलून घ्या, त्याची जागा तिथेच असते.

माझ्या ओळखीत ज्यांच्या गाड्या वीस-पंचवीस वर्षं ठणठणीत आहेत, ते सगळे आठवड्यातून एकदा गाडी काढतात. ऑइल पुरतं तापेपर्यंत, तीस-चाळीस किलोमीटर. पावसाळ्यात उघडीप मिळाली की काढतात. कव्हर सुती वापरतात आणि बॅटरीला चार्जर लावून ठेवतात.

आता तुझ्या गाडीकडे, बाळा. आपण दोघांनी जाहिरातीतला फोटो मोठा करून पाहिला. टायरच्या कडेवर ०८११ दिसतंय, म्हणजे टायर २०११ सालच्या आठव्या आठवड्यात बनलेला. आज रात्री त्या माणसाला फोन कर. किंमत विचारू नकोस. बेल्ट कधी बदलला ते विचार, आणि त्याच्याकडे बिल असेल तर त्याचा फोटो मला पाठव.